जात्याची घरघर पुसू नका: घरातल्या जुन्या कॅसेट वाचवताना आणि वाटताना

माझ्या आजीच्या ओव्यांची एकच कॅसेट आहे. १९८७ च्या उन्हाळ्यात धाकट्या मामाने माण तालुक्यातल्या आमच्या गावी ती भरली. तोवर गावात गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती आणि जातं ओसरीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. मामाने हट्ट धरला म्हणून आजी आणि तिची जाऊ पहाटे बाजरीची पाटी घेऊन जात्यावर बसल्या. मामाने सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर उंबऱ्यापाशी ठेवला आणि बटण दाबलं.

काही वर्षांपूर्वी ती कॅसेट मी एका दुकानात सीडी करायला दिली. सीडी घरी आणून लावली तर आजीचा आवाज स्वच्छ होता, पण पाण्याखालून आल्यासारखा, आणि जातं गायब. विचारायला गेले तर दुकानदार म्हणाले, "ताई, मागे फार खरखर होती, सगळी काढून टाकली." ओव्यांच्या मधलं बोलणंही त्यांनी कापलं होतं, गाणी सलग ऐकता यावीत म्हणून. त्या बोलण्यात मामा तारीख सांगतो. आजी सांगते की ही ओवी तिच्या आईची, ही तिने स्वतः जुळवलेली आणि ही फलटणहून आलेल्या भावजयीने शिकवलेली. सगळं गेलं. मूळ कॅसेट मी परत मागून आणली होती, एवढ्यावरच निभावलं.

तेव्हापासून हे काम मी स्वतः शिकले. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. आम्ही सहाजण मिळून घराघरातल्या जुन्या कॅसेट उतरवून घेतो आणि एकमेकांना देतो. आमच्यात एक एस.टी.चे निवृत्त वाहक आहेत, एक भजनी मंडळात मृदंग वाजवणारे, आणि एक रेडिओ-मिक्सर दुरुस्त करणारे, ज्यांच्यावाचून आमचं पानही हललं नसतं. जात्यावरच्या ओव्या, गोंधळ, वाघ्या-मुरळीचं जागरण, धनगरी ओव्या, हादग्याची गाणी, जत्रेतले पोवाडे, जे ज्याच्या घरी असेल ते. त्यातून जे हाताला लागलं ते इथे सांगते.

आधी कोणती कॅसेट घ्यायची

सगळ्यांच्या घरी दोन प्रकारच्या कॅसेट निघतात. एक विकत घेतलेल्या: शाहीर साबळे, विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे. त्या घरोघरी होत्या, बरंचसं आज कुठेतरी ऐकायला मिळतं. दुसऱ्या घरी भरलेल्या, ज्यांच्यावर बॉलपेनने "आत्या, गौरी, साल ८९" असं काहीतरी लिहिलेलं असतं किंवा काहीच लिहिलेलं नसतं. या दुसऱ्या आधी घ्या. त्यांची जगात एकच प्रत असते. विकतच्या कॅसेटवर घरच्यांनी नंतर काही भरलेलंही सापडतं. वरच्या कडेचे प्लास्टिकचे दोन इवले टवके मोडलेले असतील आणि त्या खाचांवर चिकटपट्टी लावलेली असेल तर समजा की कोणीतरी त्यावर पुन्हा भरलंय. अशी कॅसेट "हे तर बाजारातलं" म्हणून बाजूला टाकू नका.

घरच्या कॅसेटचे टवके शाबूत असतील तर ते मात्र पहिल्यांदा मोडून टाका. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. नातवाचा हात चुकून लागला तरी आवाज पुसला जात नाही.

लावण्याआधी बघा

कॅसेट सापडली की लगेच लावायची घाई होते. ती आवरा. पहिल्यांदा डबी, आतला कागद आणि कॅसेटच्या दोन्ही बाजू यांचे फोटो काढा. त्या कागदावरचं अक्षर कोणाचं आहे, यावरूनही पुढे माणूस सापडतो. मग कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे पाहा. गुंडाळी तपकिरी, गुळगुळीत आणि एकसारखी दिसली तर ठीक. तिच्यावर पिठासारखा पांढरा थर किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट अजिबात लावू नका. बुरशी मशिनच्या हेडवर, म्हणजे फितीवरून आवाज वाचणाऱ्या भागावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या खोक्यात, कोरड्या जागी, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि हे काम केलेल्या माणसाकडेच न्या. हाताळताना तोंडाला फडकं बांधा.

पावसाळ्यात आम्ही कॅसेट उघडतच नाही. दिवाळीनंतर काम सुरू करतो, ते मृगापर्यंत.

गुंडाळी चिकटलेली वाटली तर मशिनला ओढायला लावू नका. षटकोनी पेन्सिल चाकाच्या दात्यांत बरोबर बसते. तिने दोन्ही चाकं थोडी थोडी फिरवून सैल करा. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एकमेकींवर दाबून बसलेल्या थरांतला आवाज शेजारच्या थरावर थोडा उमटतो, म्हणून ओवी सुरू होण्याच्या आधीच तिची पुसट हाक ऐकू येते. गुंडाळून घेतल्याने ती थोडी कमी होते.

कॅसेटवर ६०, ९० किंवा १२० लिहिलेलं असतं, ती दोन्ही बाजूंची मिळून मिनिटं. जितकी मिनिटं जास्त तितकी फीत पातळ. १२० ची फीत जेमतेम ९ मायक्रॉन जाडीची असते, ६० ची सुमारे दुप्पट. १२० च्या कॅसेटला सारखं मागे-पुढे करू नका, ती ताणली जाते आणि मशिनमध्ये गुरफटते.

फितीच्या मागे, हेडसमोर, लोकरीच्या कापडाची इवलीशी गादी असते. ती गळून पडली की आवाज मधूनच बसतो. याचा उपाय सोपा आहे. पाच स्क्रू असलेली एखादी निरुपयोगी पण धड कॅसेट घ्या, तिची फीत काढा आणि आपली गुंडाळी तिच्यात बसवा. जुनं कवच चिकटवलेलं असेल तर ते ब्लेडने कडेने सोडवावं लागतं. हे काम घाईचं नाही. पहिल्यांदा रद्दी कॅसेटवर हात बसवा. फीत तुटली असेल तर तिच्या मापाची जोडपट्टी मिळते, तीच वापरा. नेहमीच्या सेलोटेपचा डिंक कालांतराने पाझरतो आणि वरचा-खालचा थर चिकटवून टाकतो.

मशिन आणि बांगड्यांचा आवाज

सध्या बाजारात थेट संगणकाला जोडायचे स्वस्त प्लेअर मिळतात. आम्ही एक घेऊन पाहिला. त्याची चाल एकसारखी नव्हती, लांबवलेला सूर थरथरायचा. त्यापेक्षा एखाद्याच्या घरी पडून असलेला जुना टेपडेक मिळवा, त्याचे पट्टे बदलून घ्या आणि त्याच्या मागच्या लाइन आउटमधून, म्हणजे आवाज बाहेर देणाऱ्या खोबणीतून, आवाज घ्या. संगणकाच्या आतल्या साउंडकार्डापेक्षा बाहेरून जोडायचा साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे आवाज संगणकात नेणारी छोटी पेटी, बरा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. पुष्कळदा मागची घूं तिथेच थांबते.

दर चार-पाच कॅसेटनंतर हेड पुसा: कापसाची काडी, शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल. काडीवर तपकिरी डाग येतो, ती फितीवरून उतरलेली पूड असते. काडी स्वच्छ निघेपर्यंत पुसायचं आणि वाळू द्यायचं. डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे खरखर कमी करणाऱ्या सोयीचं, बटण बंद ठेवा. मामाच्या टेपरेकॉर्डरला डॉल्बी नव्हतं. आता ते लावलं तर वरचे बारीक सूर दाबले जातील.

आता ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती. आजीची कॅसेट चांगल्या डेकवर लावली तेव्हाही आवाज गोधडीखालून आल्यासारखा येत होता. मला वाटलं, फीतच गेली. आमचे रेडिओवाले म्हणाले, "फीत शाबूत आहे. भरताना त्या मशिनचं हेड तिरकं होतं, आपलं सरळ आहे." हेडच्या बाजूला दोन स्क्रू असतात. त्यातल्या ज्याच्याखाली स्प्रिंग असते, तो किंचित फिरवला की हेडचा कल बदलतो. त्यांनी आधी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर नेलपॉलिशची एक रेघ ओढली, म्हणजे पुन्हा जागेवर आणता येईल. मग कॅसेट चालू असताना चुंबकत्व नसलेल्या बारीक स्क्रूड्रायव्हरने तो जरासा फिरवला. मी डोळे मिटून ऐकत होते. आधी "स" आणि "च" नीट उमटायला लागले. मग आणखी जरासं फिरवल्यावर एकदम बांगड्या वाजल्या. खुंट्यावर दोघींचे हात, जात्याच्या प्रत्येक फेऱ्याला काचेच्या बांगड्यांची किणकिण. सीडीत ती मुळीच नव्हती, आणि मला ती तिथे असेल हे माहीतही नव्हतं. आता आम्ही प्रत्येक घरच्या कॅसेटला हेच करतो: बोलण्यातला "स", टाळांची कड, बांगड्या, संबळाच्या काठीचा टोला, जे काही बारीक असेल ते सगळ्यात स्पष्ट येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. काम झालं की नेलपॉलिशची रेघ पुन्हा जुळवायची.

उतरवून घेताना

ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पुरेसा आहे. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झवर वेव्ह फाईल करा. स्टीरिओत ६० मिनिटांच्या कॅसेटची साधारण २ जीबी होते. जागा कमी असेल तर ४८ किलोहर्ट्झ घ्या, १ जीबीत बसतं. त्याखाली जाऊ नका. आवाजाचा काटा सगळ्यात मोठ्या जागीही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. संबळ किंवा ढोल असेल तर आणखी खाली ठेवा. पहिल्या पाच मिनिटांत ढोल नसतो, तो देवाचं नाव घेऊन झाल्यावर एकदम येतो, आणि काटा लाल झाला की तेवढा भाग फाटतो. पुढे तो कशानेच दुरुस्त होत नाही.

बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग उतरवा. मधे थांबवू नका, गाणी वेगळी करू नका, रिकामी वाटणारी जागाही जाऊ द्या. पुष्कळ कॅसेटच्या शेवटी दहा मिनिटं शांतता असते आणि मग कोणीतरी पाहुणा येतो, "काय चाललंय?" म्हणतो आणि घरातलं कोणीतरी त्याला हाक मारतं. त्या हाकेतून गाव कळतं.

सेलवर भरलेल्या कॅसेटची एक खोड लक्षात ठेवा. सेल उतरत गेले की टेपरेकॉर्डरची चाल मंदावते, म्हणजे फीत हळू सरकत असताना आवाज भरला जातो. तीच फीत नेहमीच्या चालीने, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, लावली की आवाज जलद आणि पातळ होतो. आजीच्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ती शेवटी शेवटी लहान मुलीसारखी वाटते. विजेवर चालवून भरलेली कॅसेट असेल तर तपासायला एक पक्का धागा मिळतो: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मागची घूं ५० किंवा १०० हर्ट्झवर असायला हवी. ऑडॅसिटीत आवाजाचा आलेख (प्लॉट स्पेक्ट्रम) काढल्यावर ती ५३ वर दिसली, तर कॅसेट ६ टक्के जलद चाललीय. चाल बदला, नुसती पट्टी बदलू नका. आणि हे सगळं करायचं ते प्रतीवर.

कारण पहिली फाईल तशीच ठेवायची असते. तिच्या नावात "मूळ" असं लिहा, तिला कुलूप लागलंय असं समजा. तिची एक प्रत काढा, तिच्यावर काय हवं ते करा आणि तिला "ऐकण्यासाठी" म्हणा.

त्या प्रतीवरही खरखर काढणारं साधन वापरताना हात आखडता ठेवा. ते साधन तुमच्याकडून आवाजाचा एक "रिकामा" तुकडा मागतं आणि त्यात जे आहे ते सगळीकडून वजा करतं. आजीच्या कॅसेटमध्ये ओवी सुरू होण्याआधीच्या तुकड्यात जातं चालू आहे. त्या साधनाला जातं आणि खरखर यांतला फरक कसा कळणार? तो आपल्याला कळायला हवा. घास टाकला की घरघर जड होते. बाजरी संपत आली की दगडावर दगड वाजू लागतो आणि आवाज चढतो. तेव्हा आजी ओवी जराशी लांबवते, जाऊबाई घास टाकतात आणि मग दुसरी ओळ येते. ओवीची लय त्या दगडातच आहे. हल्ली फोनसुद्धा बोलणं स्पष्ट करायच्या नादात ढोल आणि टाळ खाऊन टाकतात. म्हणून स्पीकरसमोर फोन धरून भरलेलं आम्ही प्रत मानत नाही.

तबकडी निघाली तर

कधी कधी माळ्यावर मिनिटाला ७८ फेऱ्यांची लाखेची तबकडी निघते, दर बाजूला तीनेक मिनिटांची. तिला अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. एलपीची, म्हणजे नंतरच्या प्लास्टिकच्या तबकडीची, सुई तिला चालत नाही, खोबण रुंद असते, तिची सुई वेगळी लागते. लेबलचा आणि आतल्या गुळगुळीत कडेवर कोरलेल्या आकड्याचा फोटो काढा आणि तबकडी उभी ठेवा. तिच्या आवाजाचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या.

नावं, टिपणं आणि मावशी

फॉरवर्ड होऊन आलेल्या फाईलीला फोन स्वतःच नाव देतो: तारीख आणि पुढे एक आकडा, तोही पाठवल्याच्या दिवसाचा. अशा कितीतरी ओव्या माझ्या फोनमध्ये आहेत ज्यांची बाई कोण, गाव कोणतं, कशाचाच पत्ता नाही. म्हणून फाईलच्या नावातच साल, महिना, तालुका, गाण्याचा प्रकार, बाजू आणि "मूळ" की "ऐकण्यासाठी" एवढं घालतो, याच क्रमाने. साल पहिलं ठेवलं की यादी आपोआप कालक्रमाने लागते. नाव आम्ही रोमन अक्षरांत लिहितो, कारण काही जुन्या यंत्रांवर देवनागरीचे चौकोन दिसतात. आतलं टिपण मात्र मराठीत, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, त्याच नावाचं, आवाजाच्या शेजारी.

आमच्या आजीच्या कॅसेटचं टिपण असं सुरू होतं:

बाजू अ.
००:०० मामा तारीख आणि गाव सांगतो.
००:४० जातं सुरू, गाणं नाही. लांब कोंबडा.
०१:२५ पहिली ओवी, आजी. जाऊबाई दुसऱ्या ओळीला साथ देतात.
०३:१० बाजरी संपली, दगड वाजतो. आजी: "टाक गं."
०४:०५ गाणं थांबतं. आजी: "ही माझ्या आयची."

हे टिपण एकट्याने करू नका. ओव्या लिहून काढायला मी भाचीला बसवलं होतं. तिने एका ओळीत "राजेश" लिहिलं आणि विचारलं, हा राजेश कोण? तो शब्द "राजस" होता. लाडक्या भावाला, बाळाला ओवीत राजस म्हणतात, हे तिच्या कानावर कधी आलंच नव्हतं. मग मी कॅसेट घेऊन थोरल्या मावशीकडे गेले. म्हाताऱ्या माणसांना हेडफोन लावू नका, त्यांना तो परका वाटतो. स्पीकर ठेवा, मधे मधे थांबवा आणि त्या बोलतील ते फोनवर भरून घ्या. "ओवी सांगा" म्हटलं तर आठवत नाही. "ही ओळ कोणाबद्दल?" विचारलं की तासभर बोलणं चालतं. शब्द जसा गायला तसा लिहा. "आय" ला "आई" करू नका, "बंदु" ला "बंधू" करू नका. अर्थ हवा तर खाली वेगळा लिहा.

हे मोठ्या प्रमाणावर कसं करतात ते पाहायचं असेल तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभं केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम बघा. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोळा केल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्यामुळे त्यातल्या कितीतरी आवाजासकट राहिल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या इंटरनेटवरच्या संग्रहात त्या येत आहेत. तिथे ओवीसोबत बाईचं नाव, गाव, तालुका सगळं असतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उठून आमच्या कॅसेटवर जाऊबाईंचं नाव लिहिलं. तोवर त्यांना आम्ही सगळे नुसतं "साथीला" म्हणत होतो.

वाटताना

मूळ कॅसेट कोणालाही उसनी देऊ नका, कुरिअरने तर मुळीच नाही. हे मी अनुभवाने सांगते. आमच्यातल्या एकाने वडिलांच्या पोवाड्यांच्या तीन कॅसेट एका ओळखीच्या माणसाला ऐकायला दिल्या. त्या घर बदलताना हरवल्या. आजही ते त्याविषयी बोलत नाहीत. कोणाला उतरवून द्यायचं असेल तर आम्ही डेक घेऊन त्यांच्या घरी जातो. वाहकसाहेबांनी पिशवीत बसेल असा संच जुळवलाय. कॅसेट घराच्या बाहेर जातच नाही.

फाईल पाठवताना व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, आहे तशी पोचते. २ जीबीपर्यंत चालतं. पण खरी वाटणी आम्ही हार्डडिस्कवर करतो. वर्षातून दोनदा एकत्र बसतो आणि प्रत्येकजण प्रत्येकाचं सगळं उतरवून घेतो, टिपणांसकट. "मूळ" फाईली फ्लॅक या प्रकारच्या फाईलमध्ये केल्या तर जागा बरीच कमी लागते आणि आवाज तिळभरही जात नाही. एमपी३ फक्त ऐकायला. प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. सहा घरांत वाटल्यामुळे हे आपोआप होतं. पेनड्राइव्हवर ठेवून कपाटात टाकलेलं जपलं असं समजू नका. दिवाळीला फराळाआधी आम्ही डिस्क जोडून प्रत्येकातली दोन-चार गाणी ऐकतो.

आणि कॅसेट फेकू नका. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डबीत, उभी, स्पीकरपासून लांब आणि पत्र्याखालच्या माळ्यावर नव्हे, अशी ठेवा. उद्या आपल्यापेक्षा चांगलं मशिन कोणाकडे असेल. संग्रह मोठा असेल आणि घरात सांभाळणारं कोणी उरलं नसेल तर गुरुग्राममधलं लोकसंगीत-संगीतशास्त्राचं अभिलेखागार, जे अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजने १९८२ मध्ये सुरू केलं, अशा ठिकाणी विचारा.

कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६० साली बाजारात आलेली तबकडी २०२१ पासून मोकळी. पण त्यावरच्या गीताचा कवी माहीत असेल तर त्याचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, तो वेगळा मोजावा लागतो. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क ५० वर्षं. विकतची कॅसेट स्वतःच्या ऐकण्यासाठी, अभ्यासासाठी उतरवणं वेगळं आणि ती सगळ्या जगासाठी इंटरनेटवर चढवणं वेगळं. दुसरं आम्ही करत नाही.

घरच्या कॅसेटला कायद्याच्या आधी माणसं विचारावी लागतात. एका गोंधळी कुटुंबाने आम्हाला रात्रभराचा गोंधळ उतरवू दिला आणि एक अट घातली: देवीला बोलावण्याचा भाग बाहेर द्यायचा नाही, बाकी खुशाल ऐका. आमच्याकडच्या सहाही डिस्कवर त्या फाईलच्या नावातच "घरापुरतं" असं आहे. गोंधळ हे त्यांचं देवाचं काम आहे आणि पोटापाण्याचंही. त्यांनी दिलं तेवढंच आपलं. ओव्यांचंही तसंच. बाई पहाटे जात्यापाशी सासूचं, दिराचं, नवऱ्याने उचललेल्या हाताचं गाते, नाव घेऊन गाते. ज्यांची नावं आहेत त्यांची नातवंडं गावात राहतात. अशा ओव्या आम्ही पुसत नाही, पण त्या घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय पुढेही देत नाही. बहुतेकवेळा त्या हो म्हणतात. एकदा एक सून म्हणाली, "द्या सगळ्यांना, तिनं कधी मोठ्यानं सांगितलं नव्हतं." तिचं ते वाक्यही टिपणात आहे, तारखेसह.

उतरवलेल्या प्रत्येक कॅसेटची एक प्रत गाणाऱ्याच्या घरी पोचवा, तीही त्यांना वाजवता येईल अशा रूपात. एका घरी मी हौसेने पेनड्राइव्ह नेला, तर लावायला काहीच नव्हतं. मग त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये घालून दिली आणि सगळे अंगणात बसून ऐकत राहिले.

आमच्या आजीच्या कॅसेटवर बाजू ब, ११ मिनिटं ४० सेकंदांपासून एक तिसरा आवाज येतो. आजी आणि जाऊबाई थांबलेल्या असतात, दाराकडून कोणीतरी बाई दोन ओव्या गाते आणि पुन्हा काही बोलत नाही. मामाला आठवत नाही. थोरली मावशी म्हणते, आपल्या घरातली नव्हे, चाल वरच्या आळीची वाटते. टिपणात सध्या तिथे नुसतं प्रश्नचिन्ह आहे. जाऊबाईंची थोरली लेक म्हसवडला दिलेली आहे, वय ऐंशीच्या पुढे. येत्या रविवारी स्पीकर घेऊन तिच्याकडे जायचं ठरलंय.